मिलानमध्ये वेणीचा भाव

गेल्या ऑक्टोबरात मी तीन आठवडे गटांच्या बैठकांना नव्हते, इटलीतल्या मिलान शहरात होते. परत आल्यापासून जिथं जाईन तिथं एकच फर्माईश, “ताई, तिकडचं सांगा की.” म्हणून आज तेच सांगते. माझा मामेभाऊ तिकडं नोकरी करतो. वहिनीचं बाळंतपण होतं आणि मामींना एकटीनं विमानप्रवास झेपणार नव्हता, म्हणून सोबतीला मी गेले. व्हिसा पर्यटकाचा. त्यासाठी परतीचं तिकीट, विमा आणि बँकेचा हिशेब दाखवावा लागतो. दुपारी बाळ झोपलं की मी शहर बघायला बाहेर पडायची.

मिलान म्हणजे फॅशनचं शहर. मला वाटलं होतं, सगळीकडं झगमगाट असेल. तसं नाही. रंग साधे, काळा, करडा, बदामी. पण कपडा अंगाला नेटका बसलेला आणि बूट पुसलेले. सत्तरीची आजी लिपस्टिक लावून सायकलवरून भाजीला निघालेली दिसते. रस्त्यावर १९२८ सालच्या बनावटीच्या लाकडी बाकांच्या ट्राम अजून धावतात. एक तिकीट काढायचं, खिडकीशी बसायचं आणि शहर बघायचं. पैसे वाचवून फिरणाऱ्या बाईला यापेक्षा चांगलं काही नाही.

शहराच्या मधोमध ‘दुओमो’ नावाचं मोठं चर्च आहे. १३८६ साली बांधायला घेतलं आणि शेवटचा दरवाजा बसला १९६५ साली. आपल्या गावच्या समाजमंदिराला नऊ वर्षं लागली म्हणून आपण किती बोललो! वर १३५ कळस आणि सगळ्यांत उंच कळसावर मरियमची सोनेरी मूर्ती. आत जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. तोकड्या कपड्यातल्या पाहुण्या दारात अडतात, माझी ओढणी मात्र कामाला आली. हे चर्च फक्त राजाच्या पैशातून झालं नाही. लोकांनी दागिने, कापड, धान्य, जमेल ते दिलं. सुरुवातीच्या काळात कातेरिना नावाच्या एका गरीब म्हातारीनं आपला जुना फरचा कोट देऊन टाकला, ती गोष्ट तिथं अजून सांगतात.

फिरताना तहान लागली तर बाटली विकत घेऊ नका. चौकाचौकांत हिरव्या रंगाचे लोखंडी नळ आहेत, पाणी फुकट आणि पिण्याचं. पण त्या नळांचं तिथलं बोलीतलं नाव ऐकून मी थबकले. त्यांना ‘वेदोवेल्ला’ म्हणतात, म्हणजे ‘छोटी विधवा’. का, तर धार रात्रंदिवस वाहते, विधवेच्या आसवांसारखी. आपल्या जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं २०२२ साली विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, हे तिकडं कुणाला सांगू, असं झालं मला.

दुकानांपेक्षा मला जास्त आवडली ती कालव्याकाठची एक बोळ. शहराच्या दक्षिणेला ‘नाव्हील्यो ग्रांदे’ नावाचा जुना कालवा आहे. चर्चचा संगमरवर दूरच्या डोंगरातून सरोवर, नदी आणि या कालव्यातूनच होड्यांनी आला. त्याच्या काठाला ‘विकोलो देई लाव्हान्दाई’ म्हणजे धुणं धुणाऱ्यांची बोळ. एक बारीक पाट, त्यावर कौलारू छप्पर आणि काठानं उतरत्या दगडी फरश्यांची रांग. १९५०च्या दशकापर्यंत बायका तिथं गुडघे टेकून लोकांचे कपडे धुवायच्या. त्याच्याही आधी हा धंदा पुरुषांचा होता. त्यांची संघटना होती आणि जवळच्या चर्चमध्ये त्यांची स्वतःची वेदी. मी फरशीला हात लावून बघितला. पंचगंगेच्या घाटावरच्या दगडासारखीच, घासून घासून गुळगुळीत. आता आजूबाजूला खाणावळी झाल्यात आणि लोक तिथं सेल्फी काढतात. फॅशनच्या शहराचे कपडे कोण धूत होतं, ते मात्र त्या दगडांवरून कळतं.

जेवणात तिथला नावाजलेला पदार्थ म्हणजे केशराचा पिवळा भात, रिसोत्तो. तांदूळ बुटका आणि जाड, भात गिचका पण दाणा मधून टणक. मामी म्हणाल्या, “अजून एक वाफ हवी होती.” हा तांदूळ लांबून येत नाही. मिलानच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला खाचरंच खाचरं आहेत. तिथं पूर्वी लावणीला आणि भांगलणीला हजारो बायका यायच्या. त्यांना ‘मोंदीने’ म्हणत. पिंडरीभर पाण्यात, दिवसभर वाकून. व्हेर्चेल्ली भागातल्या बायकांनी १९०६ ते १९०९च्या काळात संप करून आठ तासांचा दिवस मिळवला. साऱ्या इटलीसाठी तसा कायदा झाला तो १९२३ साली, म्हणजे शेतातल्या बायका आधी. लावणीला जाणाऱ्या मैत्रिणींनी हे लक्षात ठेवावं.

एक सूचना. येशूच्या शेवटच्या जेवणाचं लिओनार्दोनं भिंतीवर काढलेलं चित्र याच शहरात आहे. थोड्याच लोकांना एका वेळी आत सोडतात, तेही पंधरा मिनिटं, आणि तिकिटं खूप आधी संपतात. आम्हाला मिळाली नाहीत. जाणार असाल तर व्हिसाच्याही आधी ते बघा.

आता बाजार. चर्चच्या शेजारीच काचेच्या छपराची भव्य गल्ली आहे, गालेरिया. १८६७ साली उघडली. जमिनीवर रंगीत दगडांचा बैल आहे. त्याच्या नको त्या जागी टाच रोवून तीन गिरक्या घेतल्या की नशीब उघडतं म्हणे. तिथं खड्डा पडलाय बिचाऱ्याला. याच गल्लीत १९१३ साली मारिओ प्राडा यांनी चामडी वस्तूंचं दुकान काढलं. बायकांनी धंद्यात पडू नये, असं त्यांचं मत होतं. पुढं धंदा सांभाळला लेकीनं आणि जगभर नेला नातीनं!

दुकानाच्या काचेत कोपऱ्यात बारीक अक्षरांत किमती असतात. मी दोनदा वाचल्या आणि शून्यं मोजली. आत गेले नाही, पण बाहेर बराच वेळ उभी राहिले. कारण तुम्हाला माहीत आहे. जून २०२५ मध्ये याच शहरात प्राडाच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये पोरांच्या पायात आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला होत्या, आणि भारताचं नावही नव्हतं. ओरड झाल्यावर कंपनीनं मान्य केलं की ही भारतीय हस्तकलेवरून घेतलेली कल्पना. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. मग डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. इथल्या कारागिरांकडून २,००० जोड करून घेणार, किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे जोडाला ऐंशी हजारांच्या वर.

ही बातमी मी बैठकीत वाचून दाखवली. आमच्या गटातल्या एक मावशी चाळीस वर्षं घरी बसून चपलेच्या वेण्या घालतात. त्यांनी विचारलं, “त्यात वेणीला किती धरलेत?”

कुणाकडं उत्तर नव्हतं. तळ कापणारा, शिवणारा, दुकानदार यांची नावं कुठं ना कुठं असतात. वेणी घरात होते, नगावर पैसे मिळतात आणि कारागीर म्हणून नाव लागतं घरातल्या पुरुषाचं. म्हणून आम्ही अर्ज तयार केलाय. वेणी घालणाऱ्या बाईची कारागीर म्हणून वेगळी नोंद करावी, प्रशिक्षणात तिला जागा द्यावी आणि या कामाचा दर लेखी ठरवावा. ज्या गटांत असं काम करणाऱ्या बायका आहेत, त्यांनी सोमवारच्या बैठकीला त्यांची नावं, किती वर्षं काम करतात ते आणि सध्या नगाला किती मिळतात ते लिहून आणा. सही येत नसेल तर अंगठा चालेल. मावशींचं नाव पहिलं लिहिलंय.