वाक्यात उपयोग करा



संयोजकांनी पाच मिनिटं दिली आहेत. तेवढ्यात एका शब्दाची गोष्ट सांगतो.

आपल्या इंग्रजीच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून आधी त्यांच्या तासाबद्दल. प्रश्न असायचा, 'खालील शब्दांचा वाक्यात उपयोग करा.' 'स्कार्स' या शब्दासाठी मी लिहिलं, 'वॉटर इज स्कार्स.' बाईंनी फुली मारली आणि म्हणाल्या, "स्कार्सच्या जागी 'कोल्ड' घाल. वाक्य तसंच उभं राहतं. मग तुला शब्द कळलाय हे मला कसं कळायचं?" व्याकरण बरोबर असून मार्क गेले, याचा मला फार राग आला होता. बाईंचं म्हणणं पटायला मला नोकरी लागावी लागली.

1986 साली मी हिशेबतपासणीत नवा होतो. नदीकाठच्या पेठेतल्या एका कचेरीत तपासणीला गेलो. तिथल्या एका जुन्या नोंदवहीची काही पानं नव्हती. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा कचेरीत पाणी शिरलं होतं, त्यात ती गेली. रेकॉर्ड सांभाळणारे गृहस्थ निवृत्तीला आले होते. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनीच मला उरलेली, चिखलाचे डाग पडलेली पानं दाखवली. मी अहवालात ऐटीत लिहिलं, 'लॅक्यूनी हॅव बीन नोटिस्ड इन द रजिस्टर.' लॅक्यूनाचं अनेकवचन लॅक्यूनी होतं हे मला ठाऊक होतं, आणि ते साहेबांनाही दिसावं असं वाटत होतं.

काही महिन्यांनी काका आमच्या ऑफिसात आले. म्हणाले, "साहेब, तुम्ही माझ्या कामात कसली खोट काढलीत? पेन्शनचे कागद अडलेत."

झालं होतं ते असं. वर कुणीतरी लॅक्यूनाचं मराठी केलं 'त्रुटी', आणि त्रुटी म्हणजे दोष. दोष म्हटल्यावर तो कुणाचा तरी असणार. बाईंची कसोटी लावून पाहा. माझ्या वाक्यात लॅक्यूनीच्या जागी 'मिस्टेक्स' घाला, नाहीतर 'फ्रॉड्स' घाला, वाक्य तसंच उभं राहतं.

मी दुरुस्तीपत्र लिहिलं. त्यात तो शब्द घातलाच नाही. अमुक ते अमुक पानं 1961 च्या पुरात गेली, एवढंच लिहिलं. पेन्शन सुरू झालं, पण तोवर काकांनी घरखर्चाला उसनवारी केली होती, हे मला नंतर कळलं.

मग मी त्या शब्दाच्या मागे लागलो. लॅटिनमध्ये लॅक्यूना म्हणजे खड्डा, डबकं. 'लगून' हा शब्द त्याच घराण्यातला. आपले डॉक्टर मित्र सांगतील, हाडातल्या पेशी ज्या बारीक पोकळ्यांत बसतात त्यांनाही हेच नाव आहे. पोथी अभ्यासणारे लोक वाळवीनं खाल्लेल्या किंवा फाटून गेलेल्या मजकुराच्या जागेला लॅक्यूना म्हणतात. मराठीत आपण अशा पोथीला 'त्रुटित' म्हणतो, म्हणजे तुटलेली. तिथं दोष कुणाचाच नसतो. वकिलांचा लॅक्यूना मात्र वेगळा. 1999 च्या राजेंद्र प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सरकारी वकिलाच्या हातून नजरचुकीनं काही राहून गेलं तर तो लॅक्यूना नव्हे. खटल्यातच मुळात असलेला कच्चेपणा म्हणजे लॅक्यूना. एकाच शब्दाचा अर्थ कचेरीत, दवाखान्यात आणि कोर्टात किती बदलतो, पाहा.

अशी जागा दिसली तर करायचं काय, हे मात्र मला आपल्याच गावात, भांडारकर संस्थेत कळलं. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम तिथं 1919 ते 1966 चाललं. 1925 पासून सुकथनकर प्रमुख संपादक होते. एकूण 1259 हस्तलिखितं तपासली गेली. त्या आवृत्तीत काही शब्दांखाली नागमोडी रेघ दिसते. 'इथला पाठ आम्ही घेतला आहे, पण खात्री नाही,' असा तिचा अर्थ. इतक्या मोठ्या विद्वानांना ती रेघ मारायला कमीपणा वाटला नाही. मी मात्र दोन महिन्यांच्या नोकरीत, अर्थ पुरता ठाऊक नसलेला शब्द बेधडक वापरला होता.

शेवटी एक विनंती. या स्मरणिकेत आपल्या वर्गाची यादी आहे. ज्यांचा पत्ता लागला नाही त्यांच्या नावापुढची जागा मोकळी ठेवली आहे. "तो कुठंतरी वाया गेला असेल," "तिला आपली आठवण नसेल," असलं काही त्या जागेत मनानं भरू नका. ठाऊक असेल तरच लिहा. नाहीतर जागा मोकळी राहू द्या, आणि शोध चालू ठेवा.

बाई, आता तरी पैकी मार्क द्या.