शिबिराचा दिवस चुकवू नका

मला विषय दिला आहे 'प्रादेशिक सेना आणि मावळातले तरुण'. विषय फार मोठा आहे आणि हातात वेळ थोडा, म्हणून मी त्यातली एकच गोष्ट बोलणार आहे. ती दोन-तीनदा सांगेन. कंटाळू नका, कारण पोरं नेमकी तीच विसरतात.

मी मावळातल्या शाळेत शिकवलं आणि जोडीला एनसीसीचं काम केलं. त्यामुळे भरतीचं वेड लागलेली मुलं माझ्या दारात कायम. आपल्याकडे ते वेड साहजिकच आहे. लोणावळ्यात आयएनएस शिवाजी 1945 पासून आहे. देहूरोडला दारूगोळ्याचा कारखाना, तळेगावला सीआरपीएफ, सुदुंबऱ्याला एनडीआरएफची पाचवी बटालियन. लोकलच्या डब्यात गणवेशातला माणूस दिसला नाही असा दिवस जात नाही. त्यात पुण्यात मराठा लाइट इन्फंट्रीची 101 आणि कोल्हापुरात 109, अशा प्रादेशिक सेनेच्या, म्हणजे टेरिटोरियल आर्मीच्या (टीए), दोन पलटणी. वय 18 ते 42. म्हणजे नियमित भरतीचं वय उलटलेल्या, नोकरीला लागलेल्या माणसालाही वर्दी घालता येते. मग मुलगा येतो, बसतो, पाणी पितो आणि पहिला प्रश्न टाकतो, "सर, टीएत गेलो तर प्रमोशन किती वर्षांत?"

काय शिकवतात, कुठे पाठवतात, घरचं कसं जमवायचं, हे कोणी विचारत नाही. पहिला प्रश्न बढतीचा. मला त्याचा राग येत नाही, हुद्द्याची हौस चांगलीच असते. पण त्या प्रश्नातला हिशेब चुकलेला असतो, आणि तो दुरुस्त करायलाच मी आज इथे आलो आहे.

नियमित सेनेत अधिकारी 2 वर्षांनी कॅप्टन, 6 वर्षांनी मेजर आणि 13 वर्षांनी लेफ्टनंट कर्नल होतो. हे आकडे मुलांना तोंडपाठ असतात. प्रादेशिक सेनेतही लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळतं, आणि लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती कालबद्धच होते. कर्नल आणि ब्रिगेडियर मात्र निवडीने. इथपर्यंत मुलं वाचतात आणि आनंदात येतात. नोकरी चालू, धंदा चालू, वर्षाकाठी दोन महिन्यांचं शिबिर, आणि 13 वर्षांनी लेफ्टनंट कर्नल! पण त्याच वाक्याला पुढे एक शेपूट आहे, 'ठरवून दिलेले निकष पूर्ण केल्यास'. सगळी मेख त्या शेपटात आहे. पहिल्या वर्षी महिन्याचं मूलभूत प्रशिक्षण. दर वर्षी शिबिर, पहिलं वर्षसुद्धा धरून. पहिल्या दोन वर्षांच्या आत डेहराडूनच्या अकादमीत तीन महिन्यांचं प्रशिक्षण. हे झालं नाही, तर भिंतीवरची कॅलेंडरं कितीही बदला, खांद्यावरचे तारे बदलत नाहीत.

आपण भाताचे लोक आहोत, म्हणून भाताचं सांगतो. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून आलेला आपला इंद्रायणी साधारण 135 ते 140 दिवसांचा. हे दिवस कधीपासून मोजायचे? बियाण्याची पिशवी दुकानातून घरी आणली, त्या दिवसापासून कोणी मोजतं का? पिशवी माळ्यावर दोन वर्षं पडून राहिली म्हणून भात दोन वर्षांचा झाला, असं कोणी म्हणतं का? बी ओल्या मातीत पडलं की पहिला दिवस. प्रादेशिक सेनेत नाव लागलं, फोटो काढला, गावात पेढे वाटले, ती झाली बियाण्याची पिशवी. वर्दी चढवून शिबिरात हजर झालात की बी मातीत पडलं. दिवस तिथून मोजायचे.

अजून पुढे जाऊ. रोप एकवीस-पंचवीस दिवसांचं झालं की उपटून खाचरात लावायचं, हे घरातल्या आजीलाही ठाऊक असतं. पाऊस नाही, माणूस मिळत नाही, आज नको उद्या, असं करत ते वाफ्यातच चाळिशीला गेलं, तर लावल्यावर फुटवे धरत नाहीत. डेहराडूनचं प्रशिक्षण दोन वर्षांच्या आत का सांगितलं आहे, ते यातून समजून घ्या. आणि लोंब्या बाहेर पडायच्या वेळेला खाचर आटलं तर दाणा पोचट राहतो. आधी कितीही पाणी दिलेलं असो. तीन शिबिरं नियमाने केली आणि बढतीच्या तोंडावर दोन चुकवली, की तसंच होतं.

मुलं मग धोनीचं नाव काढतात. "सर, धोनी एकदम लेफ्टनंट कर्नल झाला." बाळांनो, ती मानद पदवी आहे. महेंद्रसिंह धोनीला 2011 साली ती सन्मान म्हणून दिली. त्याआधी 2008 मध्ये कपिल देव यांनाही दिली होती. सन्मान वेगळा आणि बढती वेगळी. आणि धोनीचं उदाहरण घ्यायचंच असेल तर पुरं घ्या. 2019 साली तो काश्मीरमध्ये आपल्या पॅरा बटालियनबरोबर पंधरवडाभर राहून आला. मानद हुद्दा असलेला माणूस पलटणीत जाऊन दिवस भरतो, आणि आपला पोरगा पहिल्याच शिबिराला 'घरी लग्न आहे' म्हणून कळवतो!

रीतसर परीक्षा आणि मुलाखत देऊन आलेल्या अधिकाऱ्याचं उदाहरण हवं असेल तर खासदार अनुराग ठाकूर यांचं घ्या. 2016 मध्ये लेफ्टनंट झाले, 2021 मध्ये कॅप्टन. मधल्या काळात ते केंद्रात राज्यमंत्री झाले होते. मंत्र्यालाही दुसऱ्या ताऱ्यापासून तिसऱ्या ताऱ्यापर्यंत जायला साडेचार वर्षांच्या वर लागली. 'दोन वर्षांत कॅप्टन' हे डोक्यात घेऊन बसलेल्यांनी ही दोन सालं वहीत लिहून ठेवावीत.

आता जवानांचं. माझ्याकडे येणारी मुलं बहुतेक शिपाई म्हणून जातात, अधिकारी फार थोडे. जवानाच्या बढतीला पलटणीत जागा रिकामी असावी लागते, आणि जागा असली तरी कॅडर, म्हणजे बढतीचा अभ्यासक्रम, पास व्हावा लागतो. कॅडर शिबिरात नाहीतर पलटणीत होतो, घरी बसून होत नाही. मला दोन मित्र माहीत आहेत, एक पवन मावळातला, एक नाणे मावळातला. दोघे एकाच भरतीत लागले. पहिला एका कारखान्यात पाळीवर. ओळीने दोन वर्षं त्याला शिबिरासाठी सोडलं नाही. त्यानेही जोर धरला नाही, कारण घरात हप्ते चालू. दुसऱ्याने एकही शिबिर सोडलं नाही. पुढे तो नाईक होऊन गावी आला, तेव्हा कामशेतला माझ्यासमोरच दोघे भेटले. शिंप्याने बाहीवरच्या दोन फिती जरा तिरक्या बसवल्या होत्या. पहिल्याने न बोलता ब्लेडने टाके उसवले, सुई-दोरा मागून घेतला आणि फिती सरळ रेषेत बसवून दिल्या. शिकवलेलं सगळं त्याच्या बोटांत होतं. गुण कमी नव्हता, शिस्त कमी नव्हती. कमी होते ते शिबिराचे दिवस.

म्हणून पुन्हा सांगतो. नोंदणीची तारीख मोजू नका, वर्दीतले दिवस मोजा.

हे फक्त बढतीचं नाही. पेन्शनचंही तसंच आहे, आणि इथे तर आई-वडिलांनी कान द्यावा. प्रादेशिक सेनेची जाहिरात स्वच्छ सांगते की ही पूर्णवेळ नोकरी नाही आणि पेन्शनची हमी नाही. पेन्शन हवी असेल तर अधिकाऱ्याला 20 वर्षं आणि जवानाला 15 वर्षं एम्बॉडीड सेवा लागते. एम्बॉडी म्हणजे सेवेसाठी बोलावून घेतलेला काळ. वर्षाला दोन महिने धरले तर 20 वर्षांत भरतात 40 महिने, म्हणजे तीन वर्षं चार महिने. कुठे 20 वर्षं आणि कुठे तीन वर्षं चार महिने! हा साधा हिशेब कोणी करत नाही, आणि मग पन्नाशीत चावडीवर बसून 'आम्हाला फसवलं' म्हणतात. कोणी फसवलेलं नसतं. कागद वाचलेला नसतो.

आता दुसरी बाजू. पायदळाच्या कित्येक पलटणी वर्षानुवर्षं एम्बॉडी होऊन जम्मू-काश्मीर आणि ईशान्य भारतात उभ्या आहेत. मे 2025 मध्ये सरकारने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेना बोलावण्याचे अधिकार दिले आणि 32 पायदळ पलटणींपैकी 14 एम्बॉडी करण्याला मंजुरी दिली, फेब्रुवारी 2028 पर्यंत. तेव्हा 'अर्धवेळ' हा शब्द ऐकून कोणी निर्धास्त राहू नये. बोलावणं आलं की जावं लागतं, आणि महिनोन् महिने जावं लागतं. ज्याचे दिवस असे भरतात त्याची बढतीही हलते, पेन्शनचा हिशेबही जमतो. पण त्याची बायको, त्याचं दुकान, त्याची भाताची लावणी, हे कोण बघणार, हे नाव नोंदवण्याआधी घरात बसून बोला. सासरी-माहेरी दोन्हीकडे बोला.

मुलींबद्दलही बोलायचं होतं. 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रादेशिक सेनेत महिलांना दार उघडं केलं. आमच्या शाळेतल्या मुली कवायतीत मुलांना मागे टाकतात, त्यांच्यासाठी हे... पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळेची खूण झाली आहे, तो विषय पुन्हा कधी तरी.

उरलेल्या मिनिटात एकच. आपण ज्यांची नावं अभिमानाने सांगतो त्या मावळ्यांच्या काळात दसऱ्याला लष्कर निघायचं आणि पावसाळ्यात छावणीला परतायचं. निघताना प्रत्येकाच्या सामानाची यादी व्हायची, परतल्यावर झडती व्हायची. सभासदाच्या बखरीत हे लिहिलेलं आहे. हजेरी आणि नोंद, दोन्ही चोख. तुम्हीही तेवढंच करा. प्रत्येक शिबिरात कधी हजर झालात, कधी सुटलात, याची नोंद तुमच्या सेवेच्या कागदांत झाली की नाही, हे निघण्यापूर्वी कारकुनाजवळ उभं राहून बघा. एक प्रत मागून घ्या आणि ट्रंकेत ठेवा. दहा वर्षांनी तोंडी सांगितलेलं कोणी धरत नाही. आणि शिबिराचं पत्र हातात पडलं की त्याच दिवशी ते कामाच्या ठिकाणी लेखी द्या. आदल्या संध्याकाळी साहेबांच्या केबिनबाहेर घुटमळू नका.

आणि शेवटचं, तळेगाव, चाकण आणि लोणावळ्यातल्या मालकांना आणि व्यवस्थापकांना. 1948 च्या प्रादेशिक सेना कायद्याप्रमाणे सैनिकी सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला परत कामावर घेणं तुमच्यावर बंधनकारक आहे, त्याचे भविष्य निर्वाह निधीचे हक्कही राखायचे आहेत. ते कलम तुमच्या वकिलांना माहीत असेल. मी कलमाच्या जोरावर बोलत नाही, शिक्षक म्हणून हात जोडून मागतो. तुमच्याकडचा मुलगा शिबिराचं पत्र घेऊन समोर उभा राहिला, तर त्याची पाळी दुसऱ्या कोणाला द्या, आणि त्याला वेळेवर जाऊ द्या.