अमेरिकेचे गारूड आणि युरोपचा अनुभव

(यवतमाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आजच्या विषयाचा परिचय करून देताना 'अमेरिकेचे सांस्कृतिक आक्रमण' असा शब्दप्रयोग झाला. शब्द आपल्या परिचयाचा आहे आणि टाळी घेणाराही आहे. परंतु आक्रमक दाराशी येतो, दार फोडतो. येथे मात्र गिऱ्हाईक स्वतःच्या पायांनी दुकानात गेले आहे, स्वतःच्या खिशातून पैसे मोजून आले आहे. हे गारूड आहे, आणि गारुडावर तलवार चालत नाही. युरोपातील राष्ट्रे या अनुभवातून आपल्याआधी निदान अर्धशतक गेली. त्यांनी काय केले, हे पाहणे म्हणूनच उपयोगाचे आहे.

विषय दूरचा वाटेल, पण तो आपल्या लोहारा औद्योगिक वसाहतीपर्यंत येऊन पोहोचलेला आहे. तेथे रेमंडच्या कारखान्यात डेनिमचे कापड विणले जाते. २००६मध्ये बेल्जियमच्या यूको या कापड कंपनीशी त्याची भागीदारी झाली. अमेरिकन तारुण्याचे प्रतीक म्हणून जगभर मिरवलेल्या जीन्सचे कापड यवतमाळात! आणि ही जीन्स तरी कितपत अमेरिकन? १८७३मध्ये तिचे पेटंट घेणारा लेव्ही स्ट्रॉस जर्मनीत, बव्हेरियात जन्मला होता. 'डेनिम' या नावाचा उगम फ्रान्समधील नीम शहराशी जोडला जातो, 'जीन्स'चा इटलीतील जिनोआशी. इंग्रजीतला 'डंगरी' हा शब्द तर आपल्या मुंबईच्या डोंगरीचा. ज्या निळीने ती रंगली, तिचे 'इंडिगो' हे नावच मुळी 'भारतातून आलेली' असे सांगणारे आहे. वस्तू सर्वांची, शिक्का एकाचा. अमेरिकेचे खरे कौशल्य या शिक्क्यात आहे.

युरोपने या विजारीला दिलेली नावे मोठी बोलकी आहेत. स्पेनमध्ये तिला गुराख्यांची विजार म्हणतात. चेक लोक 'टेक्सासकी' म्हणत. हंगेरीत तर तिचे नाव चक्क 'फार्मर', म्हणजे शेतकरी! कापूस पिकविणाऱ्या या जिल्ह्यात हे सांगताना हसावे की गप्प बसावे, कळत नाही. तेथे तरुणांनी शेतकऱ्याचे नाव कौतुकाने अंगावर घातले. येथे शेतकऱ्याचा मुलगा जीन्स घालतो ती शेतकऱ्यासारखे दिसू नये म्हणून.

पूर्व जर्मनीने बंदीचा मार्ग धरला. शाळांतून, नृत्यगृहांतून जीन्सवाल्यांना बाहेर काढले गेले. परिणाम उलटा झाला. पश्चिमेकडील नातलगांनी पाठविलेली एक विजार म्हणजे स्वातंत्र्याची पताका ठरली. शेवटी सत्तरच्या दशकात सरकारनेच 'विझेंट', 'बॉक्सर' अशा नावांची स्वतःची जीन्स काढली. ती लोकांनी घेतली, पण नाइलाजाने. खऱ्या लेव्हीजची ओढ गेली नाही. बंदीने वस्तूची किंमत वाढते, एवढेच सिद्ध झाले. चौदा फेब्रुवारीला शुभेच्छापत्रे जाळणाऱ्या आपल्या उत्साही तरुणांनी हे प्रकरण एकदा अवश्य अभ्यासावे.

स्पेनची कथा याहून सूक्ष्म आहे. १९४१मध्ये जनरल फ्रँकोच्या राजवटीने परदेशी चित्रपट स्पॅनिशमध्येच दाखविण्याची सक्ती केली. हेतू स्वभाषेच्या रक्षणाचा. परंतु स्पॅनिश चित्रपटाकडे हॉलिवूडविरुद्ध एकच नैसर्गिक तटबंदी होती, ती म्हणजे भाषा. आणि ती सरकारनेच पाडून दिली. अमेरिकन नायक अस्खलित स्पॅनिश बोलू लागला आणि घरचा झाला. आपल्याकडे १९९४मध्ये 'ज्युरासिक पार्क' हिंदी बोलू लागला, तेव्हा हेच घडले. रक्षणाचा उपाय निवडताना तो कोणाच्या पथ्यावर पडणार, हे आधी पाहावे लागते.

माझ्या मते सर्वांत शहाणपणाने वागला तो फ्रान्स. तेही प्रथम अपमान गिळून. दुसऱ्या महायुद्धानंतर तिजोरी रिकामी होती. मे १९४६मध्ये लेऑन ब्लूम वॉशिंग्टनला गेले. कर्जमाफी व नवे कर्ज मिळाले, पण त्या बदल्यात चित्रपटगृहे अमेरिकन चित्रपटांना मोकळी करावी लागली. तेरा आठवड्यांच्या तिमाहीत केवळ चार आठवडे फ्रेंच चित्रपटांसाठी राखीव राहिले. कलावंत रस्त्यावर उतरले. पण फ्रेंच सरकार निषेधावर थांबले नाही. त्याच वर्षी राष्ट्रीय चित्रपट केंद्र स्थापन झाले आणि १९४८पासून तिकिटावरील अधिभारातून देशी चित्रपटनिर्मितीला साहाय्य सुरू झाले. हा अधिभार अमेरिकन चित्रपटाच्या तिकिटावरही लागतो! आज त्याचा दर १०.७२ टक्के आहे. म्हणजे हॉलिवूडचा चित्रपट जितका चालेल, तितके बळ फ्रेंच चित्रपटाला. अलीकडे तेथील सुमारे चाळीस टक्के तिकिटे फ्रेंच चित्रपटांची विकली जातात. १९९६पासून तेथील नभोवाणी केंद्रांवर फ्रेंच गीतांसाठी चाळीस टक्के वाटा राखून ठेवण्याचा कायदाही लागू झाला.

यात दोष नाहीत असे नाही. अनुदानावर पोसलेले, कोणी न पाहिलेले चित्रपटही तेथे पुष्कळ. तरीही डिस्नेची नगरी पॅरिसजवळ १९९२मध्ये उघडली, तेव्हा तिच्या आधी तीन वर्षे अॅस्टेरिक्स या त्यांच्या स्वतःच्या चित्रकथानायकाचे उद्यान उभे होते, आणि ते आजही चालते. पोरांना नेण्यासाठी दुसरी जागा असणे, ही गोष्ट लहान नव्हे.

आता आपल्याकडे वळू. २०१५मध्ये महाराष्ट्र शासनाने बहुपडदा चित्रपटगृहांत मराठी चित्रपटाला मोक्याची वेळ देण्याची सक्ती जाहीर केली. ओरड झाली आणि ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल झाली. वेळ मिळाली, पण परक्या चित्रपटाच्या तिकिटातून मराठी निर्मितीला पैसा देणारी फ्रान्ससारखी योजना त्या निर्णयात नव्हती.

आणि चित्रपट सोडा. दिवाळीच्या दिवसांत पांढरकवडा, झरी जामणीकडे कोलाम आणि गोंड बांधवांची दंडार रंगते. आपल्या शहरातील किती मुलांनी ती पाहिली आहे? त्यांना पाश्चात्त्य नृत्याच्या शिकवणीला आपणच पाठवितो, शुल्कही आपणच भरतो, आणि मग सभेत येऊन आक्रमणाची तक्रार करतो. यवतमाळच्या दुर्गोत्सवाची ख्याती दूरवर आहे. देखाव्यांवर आणि ध्वनिवर्धकांवर होणाऱ्या खर्चातील एक हिस्सा प्रत्येक मंडळाने वेगळा काढावा, आणि दंडारीच्या एका संचाला मानधन, प्रवासखर्च व सन्मानाने एक रात्र द्यावी. पुढच्या उत्सवाच्या पहिल्या बैठकीत हा विषय कोण मांडणार, ते आजच येथून उठण्यापूर्वी ठरवू या.