संस्कृतीची यादी आणि जातीचं बटण
(युवकांच्या अभ्यासशिबिरातलं भाषण)



विषय ऐकून मागं बसलेले काहीजण हसले. बेकारी, अत्याचार, फी-वाढ सोडून हा गडी व्हिडिओ गेमवर काय बोलतोय? बोलतोय. कारण जो इतिहास आपली पोरं परीक्षेपुरता वाचतात, तोच इतिहास ती रात्री दोन-दोन वाजेपर्यंत खेळतात. पुस्तक शिकवतं, खेळ सवय लावतो. आणि सवय जास्त खोल जाते.

मी ‘सिव्हिलायझेशन’ या गेमबद्दल बोलणार आहे. सिड मायरचा हा गेम 1991 साली आला. इसवीसनापूर्वी 4000 मध्ये शहर वसवायचं, विद्या शोधायच्या, फौजा पाठवायच्या, राज्य वाढवत वाढवत अवकाशयानापर्यंत न्यायचं. असल्या खेळांना ‘फोर एक्स’ म्हणतात. एक्सप्लोर, एक्सपांड, एक्सप्लॉईट, एक्सटर्मिनेट. म्हंजे शोधा, पसरा, पिळा, संपवा. हे नाव आपण ठेवलेलं नाही. 1993 साली अ‍ॅलन एमरिक नावाच्या अमेरिकन लेखकानं ते ठेवलं नि धंद्यानं ते खुशाल मिरवलं. आपण ज्याला शोषण म्हणून घसा फोडतो, ते इथं नावातच लिहिलेलं आहे. निदान लपवालपवी नाही.

पहिल्या गेममध्ये 14 संस्कृती होत्या. रोमन, ग्रीक, इंग्रज, फ्रेंच, जर्मन, रशियन, अमेरिकन, चिनी, मंगोल, बाबिलोनी, इजिप्शियन, अ‍ॅझ्टेक, झुलू आणि भारतीय. युरोपला सहा खुर्च्या. सहाराखालच्या अख्ख्या आफ्रिकेला एक. अख्ख्या भारताला एक, नि तिच्यावर गांधी. बाकीची माणसं गेली कुठं? ती झाली ‘बार्बेरियन’. त्यांना नाव नाही, भाषा नाही, पूर्वज नाहीत. पाचव्या-सहाव्या भागात तर त्यांचा तळ उद्ध्वस्त केला की सोनं मिळतं. ज्याला नाव नाही त्याला मारलं की बक्षीस! 2025 च्या सातव्या भागात कंपनीनं तो शब्द टाकला, ‘इंडिपेंडंट पॉवर्स’ म्हटलं, त्यांच्याशी दोस्तीची सोय केली. चांगलं झालं. पण शब्द बदलायला 30 वर्षांवर गेली.

आता दर नव्या भागाला एकच भांडण. यादीत कोणाला घ्यायचं? सातव्या भागात मौर्य आहेत, चोळ आहेत, मुघल आहेत. मग मराठे का नाहीत, म्हणून इकडची पोरं तावातावानं भांडतात. आणि आपल्यातलीही काही म्हणतात, आपलं पण घाला. महार शिपायाचं युनिट काढा, 1818 च्या कोरेगावचा नकाशा काढा. मला ही ओढ कळते. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या फोटोच्या चौकटीबाहेर उभं केलं, त्याला एकदा तरी चौकटीत यावंसं वाटणारच.

पण आधी तिकीट काय आहे ते विचारा. तिकीट आहे राजधानी, फौज, जिंकण्याची हाव. तुमच्याकडं नसेल तर ते देतील. तुमचं नाव घेतील नि आत त्यांचा माणूस भरतील.

क्री लोकांचं काय झालं बघा. हे कॅनडातले आदिवासी. त्यांचा नेता पाउंडमेकर. 1885 च्या लढाईत माघार घेणाऱ्या सरकारी सैन्याचा पाठलाग त्यानं आपल्या लोकांना करू दिला नाही. तरी सरकारनं त्याला राजद्रोहाच्या गुन्ह्यात तुरुंगात टाकलं. पुढच्याच वर्षी तो मेला. 2018 मध्ये सहाव्या भागाच्या पुरवणीत तो आला, इतरांसारखा जग जिंकायला सज्ज. पाउंडमेकर क्री नेशनचे हेडमन मिल्टन टूटूसिस यांनी जाहीर हरकत घेतली. दुसऱ्याची जमीन बळकावणं हे वसाहतवाल्यांचं मूल्य, ते आमच्या अंगावर का घालता, असा त्यांचा मुद्दा. त्यांच्या माहितीप्रमाणे कंपनीनं त्यांना विचारलंही नव्हतं. कॅनडा सरकारनं पाउंडमेकरला दोषमुक्त केलं ते 2019 मध्ये. गेममध्ये तो आधी आला, न्याय मागून आला.

याच्या उलट पुएब्लो लोक. 1680 मध्ये पोपे या नेत्याच्या मागं उभं राहून त्यांनी स्पॅनिश सत्ता उलथवली होती. पाचव्या भागाच्या 2013 च्या पुरवणीत पोपेला घ्यायचा कंपनीचा विचार होता. पुएब्लोंच्या परिषदेनं हरकत घेतली. आमचा माणूस तुमच्या पडद्यावर नको. कंपनीनं ऐकलं नि त्या जागी शोशोनी घेतले. तेव्हा लक्षात ठेवा, यादीत जाणं हीच एक ताकद नाही. नाही म्हणणं हीसुद्धा ताकद आहे.

आता मूळ दुखण्याकडं येतो. 2005 चा चौथा भाग. त्यात राज्यकर्त्याला कामगार-व्यवस्था निवडायची असते. पाच बटणं. त्यातलं एक गुलामी. एक इमॅन्सिपेशन, म्हंजे मुक्ती. आणि एक चक्क ‘कास्ट सिस्टीम’! कायद्याची संहिता शोधली की हे बटण उघडतं. मनूचं नाव न घेता मनू. रोमननंही दाबावं, झुलूनंही दाबावं. आणि दाबलं की मिळतं काय? शहरात हवे तेवढे कलावंत, व्यापारी नि शास्त्रज्ञ नेमता येतात!

हसू नका. ज्या व्यवस्थेनं आपल्या बापजाद्यांना शाळेच्या पायरीवर अडवलं, ती इथं शास्त्रज्ञांचं पीक काढते. गुलामीच्या बटणात निदान एवढी लाज आहे की माणसं बळी देऊन इमारत उठवली, तर शहर पुढचे काही टर्न चिडलेलं राहतं. जातीच्या बटणाला तेवढीही चीड नाही. म्हंजे या खेळात जातीखाली कोणी चिडतच नाही. जात ही कामाची सोयीची वाटणी आहे, हे जुनंच तुणतुणं. 1936 साली बाबासाहेबांनी ते मोडून काढलं. इथं नुसती कामं वाटली जात नाहीत, कष्टकरी माणसंच एकाखाली एक रचली जातात. 69 वर्षांनी ते तुणतुणं अमेरिकेत आकड्यांच्या भाषेत पुन्हा वाजलं.

आणि गंमत अशी की त्याच खेळात एक खरा नियमही आहे. इतर राष्ट्रांनी मुक्तीचं बटण दाबलं नि तुम्ही दाबलं नाही, तर तुमच्या शहरांतली माणसं नाराज व्हायला लागतात. मुक्तीची बातमी सीमा ओलांडते. ज्यानं हे लिहिलं त्याला इतिहास कळला होता. मग जातीपाशीच त्याचं डोकं का थांबलं? कारण त्या बटणाखाली जगलेलं कोणी त्याला विचारायला बसलं नसावं.

सातव्या भागात नेत्यांमध्ये हॅरिएट टबमन आहे. गुलामीत जन्मलेली, 1849 मध्ये पळालेली, परत परत आत शिरून सुमारे 70 जणांना सोडवून आणणारी बाई. तिच्याकडं ना राज्य होतं, ना राजधानी. म्हंजे राजा नाही म्हणून घेता येत नाही, ही सबब मेली. उद्या बाबासाहेबांना त्या खुर्चीत बसवा, अशी मागणी येईल. मी सही करण्याआधी विचारीन, खुर्चीखालचे नियम कोणाचे? शेजाऱ्याला चिरडूनच पुढं जायचं असेल, तर तो सन्मान नाही, चेष्टा आहे.

मग करायचं काय? नुसत्या निषेधानं भागणार नाही. चौथ्या भागाचे नियम साध्या एक्सएमएल फाईलींमध्ये लिहिलेले आहेत. त्या कोणालाही उघडता येतात, आकडे बदलता येतात. जगभरची पोरं बदलतात, त्याला मॉड म्हणतात. आपल्यातली कितीतरी पोरं आज कॉम्प्युटर शिकतात. त्यांनी ती फाईल उघडावी. कास्ट सिस्टीमसमोर शास्त्रज्ञ वाढवणारी ओळ आहे, ती खोडावी. तिथं चीड लिहावी, बंड लिहावं, वाया गेलेली डोकी लिहावीत. प्रस्थापित छापत नव्हते तेव्हा आपल्या माणसांनी सायक्लोस्टाईल करून अंक काढले. मॉड हे आजचं सायक्लोस्टाईल आहे.

यादीत नाव घालायचं की नाही, ते नंतर बसून ठरवू. आधी ती ओळ बदला.

जयभीम.