बाहेरच्या पाण्याचा हिशेब



अध्यक्षानं साऱ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. आज मी ती मोडते. माझ्या उमेदीची वर्षं ज्या एका प्रश्नात गेली, तोच तुमच्यापुढे ठेवते : पाण्यात सहज विरघळणारं औषध पॉलिमरच्या सूक्ष्म गोळ्यात महिनाभर कसं कोंडायचं?

पाण्यात न विरघळणाऱ्या औषधाचं बरं असतं. पॉलिमरबरोबर ते डायक्लोरोमीथेनमध्ये विरघळवा, पाण्यात ढवळा, द्रावक उडाला की गोळे हाती येतात. पाण्यात विरघळणाऱ्या औषधाचा ओढा मात्र पाण्याकडेच. म्हणून दुहेरी इमल्शन करावं लागतं. आधी औषधाचं पाणी पॉलिमरच्या द्रावणात घुसळायचं, मग ते सगळं पुन्हा पाण्यात. आत पाणी, बाहेर पाणी, आणि मधे अजून ओलीच असलेली भिंत. ती वाळेपर्यंत जे घडतं, त्यावर पुढचा महिना अवलंबून असतो.

माझ्या पहिल्या बॅचचे गोळे सूक्ष्मदर्शकाखाली मोत्यांसारखे दिसले. मी हरखून गेले. दुसऱ्या दिवशी औषध मोजलं, तर बहुतेक सगळं बाहेरच्या पाण्यात उतरलं होतं.

यातून वाट जपानमध्ये सापडली. ताकेदा कंपनीच्या ओगावा, ओकादा आणि सहकाऱ्यांनी ल्युप्रोलाइड या औषधावरचं आपलं काम 1988 साली प्रसिद्ध केलं. त्यांनी आतल्या पाण्यात जिलेटीन घातलं आणि पहिलं इमल्शन थंड केलं. थंडाव्यानं ते घट्ट झालं आणि औषधाची बाहेरची वाट अडली. सारण पातळ राहिलं तर मोदक फुटतो, हे आपल्या घरातल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. मला ते कळायला हा शोधनिबंध वाचावा लागला.

त्या औषधाच्या अशा गोळ्यांना 1989 साली अमेरिकेत प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. महिन्याच्या इंजेक्शनमध्ये 7.5 मिलिग्रॅम औषध, 1.3 मिलिग्रॅम जिलेटीन आणि 66.2 मिलिग्रॅम पॉलिमर असतो. म्हणजे 75 मिलिग्रॅम गोळ्यांत दहा टक्के औषध. पुढे तीन महिन्यांच्या इंजेक्शनमधून जिलेटीन गेलंच. ल्युप्रोलाइडचा आम्लारिधर्मी भाग पॉलिमर साखळीच्या आम्लधर्मी टोकाला धरून ठेवतो, हे तोवर उमगलं होतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आधी औषधाला अडवण्याची धडपड होती. मग औषध आणि पॉलिमर यांचं एकमेकांशी जमतं कुठे, ते पाहिलं गेलं.

इथे सावकाश सुटणं ही रुग्णाची निव्वळ सोय नाही, तेच औषधाचं काम आहे. ल्युप्रोलाइड ज्या संप्रेरकाची नक्कल करतं, ते मेंदूतून ठरावीक अंतरानं, थोडं थोडं स्रवतं. त्याऐवजी ल्युप्रोलाइड अखंड मिळत राहिलं की पीयूषिका ग्रंथी आधी चेतते आणि मग प्रतिसाद देणं थांबवते. दोन ते चार आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन तळाला जातं. मधेच औषध तुटलं, तर सारं मुसळ केरात.

आता थोडं आपल्याविषयी. आपल्याकडच्या प्रबंधांत बाहेरच्या पाण्यातलं औषध मोजतात, एकूण औषधातून वजा करतात आणि उरलेलं सगळं गोळ्यात आहे असं लिहितात. काचेला चिकटलेलं, धुताना गेलेलं, घुसळताना मोडलेलं औषधही मग गोळ्याच्या खात्यात जमा होतं. मीही पूर्वी असे आकडे छापले आहेत आणि त्याची मला खंत आहे. गोळा विरघळवा आणि आतलं औषध थेट मोजा. एक दिवस जास्त लागेल, लागू द्या.

पहिल्या चोवीस तासांत भसकन सुटणाऱ्या औषधाचंही तसंच. शीतशुष्कनात गोळ्यातून निघणारं पाणी औषधाला पृष्ठभागाकडे ओढत आणतं. आपण मात्र सगळा दोष ढवळण्याच्या वेगावर टाकतो.

आतल्या आम्लाबद्दल तर आपण बोलतच नाही. पॉलिमर तुटताना लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल तयार होतं, ते आत साठतं आणि नाजूक प्रथिनं तिथेच नासतात. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडसारखा आम्लारी आत मिसळून त्यांना सांभाळता येतं, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी 2000 साली दाखवलं. तरीही प्रथिनांची वाट बिकटच राहिली. वाढीच्या संप्रेरकाच्या गोळ्यांना 1999 मध्ये तिथे मान्यता मिळाली, आणि उत्पादनाचा भार झेपेना म्हणून 2004 मध्ये ते औषध बंद झालं. विद्यार्थ्यांनी ही हकिगत यशोगाथांच्या आधी वाचावी, असं मला मनापासून वाटतं.

दुपारच्या सत्रात निबंध वाचणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. गोळ्यांची छायाचित्रं जरूर दाखवा. शेजारी धुवणाच्या पाण्यात किती औषध सापडलं, तो आकडाही लिहा. फसलेल्या बॅचचा आणला असेल, तर तो आधी दाखवा. मी पहिल्या रांगेत वही घेऊन बसलेली असेन.