अडखळणं, थेरपी आणि मोबाईलचा स्क्रीन

आजचा विषय बोलताना अडखळण्याचा, म्हणजे ज्याला आपण सरसकट तोतरेपणा म्हणतो त्याचा. मी स्वतः अडखळतो. त्यामुळे मध्येच थांबलो तर नेट गेलं असं समजू नका, शब्द येतोय.

मोठ्या माणसांत साधारण १ टक्का लोक अडखळतात. लहान मुलांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास असतं, पण त्यातली बरीचशी मुलं पुढे मोकळी बोलू लागतात. याचं मूळ भित्रेपणात नाही. मेंदू बोलण्याच्या हालचाली जशा जुळवतो त्यातच थोडा फरक असतो, आणि आनुवंशिकतेचाही भाग असतो. म्हणून जिभेला वेखंड लावून किंवा "सावकाश बोल रे" असं सांगून ते जात नाही.

मग थेरपिस्ट काय करतात? शब्दाची सुरुवात हळुवार करायची, स्वर किंचित लांबवायचा, अडकलं तर जोर न लावता अलगद बाहेर पडायचं, याचा सराव करून घेतात. दुसरं काम टाळाटाळ कमी करण्याचं. हवा असतो मसाला डोसा, पण 'म' अडेल म्हणून आपण इडली मागवतो. स्वतःचं नाव मात्र असं बदलता येत नाही ना!

हे सगळं ऑनलाइन जमतं का? जमतं. मोठ्यांसाठीची कॅम्परडाउन आणि लहान मुलांसाठीची लिडकोम्ब, या दोन्ही ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या पद्धती. पहिली फोनवरून आणि दुसरी वेबकॅमवरून देऊन पाहिली, तेव्हा निकाल क्लिनिकच्या तोडीचे आले. लिडकोम्बमध्ये तर रोजचा सराव आईबाबाच घरी घेतात, थेरपिस्ट त्यांना शिकवतात. शिवाय आपण अडतो कुठे? फोनवर, ऑनलाइन मीटिंगमध्ये. मग सरावही तिथेच झालेला बरा. तालुक्याच्या गावी थेरपिस्ट नसेल, तर प्रवासही वाचतो.

आता थोडं तांत्रिक. इयरफोन लावाच. स्वतःचा आवाज उशिरा कानावर आला की बोलणं बदलतं. नेट अडकलं की तुम्ही अडलात हे थेरपिस्टना कधीकधी कळत नाही, म्हणून मोबाईलवर स्वतःचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून पाठवा. घरात सगळे ऐकतात म्हणून संकोच वाटतो? गच्चीवर जा.

थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, ते बिनधास्त विचारा. "सात दिवसांत कायमचा बरा" अशी जाहिरात दिसली की सरळ पुढे स्क्रोल करा. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. फी परवडत नसेल तर मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, म्हैसूरला १९६५ पासूनची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे. दोन्ही केंद्र सरकारच्या. ऑनलाइन सेशन मिळेल का, ते तिथे विचारा.

आणि जे अडखळत नाहीत त्यांच्यासाठी एकच. मित्र अडला की त्याचा शब्द तुम्ही पूर्ण करू नका. त्याच्याकडे बघा आणि थांबा. थेरपीत कमावलेलं वापरायला त्याला तेवढीच जागा लागते.

हा भाग ज्याला उपयोगी पडेल त्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात!