सेंट्रल पार्कमधली पुसलेली वस्ती



न्यूयॉर्कला पाहुणे आले की आपण त्यांना सेंट्रल पार्क दाखवतो. पाहुणे म्हणतात, "इतक्या महागड्या जागेत ८४३ एकर निसर्ग राखलाय, कमाल आहे!" मीही बरीच वर्षं मान डोलावत असे. पण हा निसर्ग राखलेला नाही, घडवलेला आहे. ऑल्मस्टेड आणि व्हॉक्स यांच्या १८५८ च्या आराखड्याप्रमाणे खडक फोडून, माती आणून, झाडं लावून. आणि त्याआधी तिथे माणसं राहत होती.

पश्चिमेला, ८२व्या ते ८९व्या रस्त्यांच्या दरम्यान, सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. १८२५ मध्ये अँड्र्यू विल्यम्स या बूटपॉलिश करणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणाने तिथे १२५ डॉलरला तीन प्लॉट घेतले. १८५५ पर्यंत सुमारे सव्वादोनशे लोक झाले. दोन तृतीयांश कृष्णवर्णीय, बाकी बहुतेक आयरिश. तीन चर्च, एक शाळा. तेव्हा न्यूयॉर्क राज्यात कृष्णवर्णीय पुरुषाला मत द्यायचं तर २५० डॉलरची स्थावर मालमत्ता लागे. गोऱ्यांना ही अट नव्हती. म्हणजे जमीन गेली की मतही जायचं.

१८५७ मध्ये वस्ती उठवली. वर्तमानपत्रांनी या लोकांना अतिक्रमण करणारे ठरवलं होतं. मालकांना भरपाई मिळाली, कित्येकांच्या मते अपुरी. भाडेकरूंना तीही नाही. आपल्याकडच्या धरणग्रस्तांच्या सभांना गेलेल्यांना ही भाषा ओळखीची वाटेल.

पार्क झाल्यावरही सुरुवातीला गटाने सहलीला बंदी होती. शाळकरी मुलांना चेंडू खेळायला मुख्याध्यापकांची चिठ्ठी लागे. आज हिरवळीवर कोणीही डबा उघडून बसतं, ते सामान्य लोकांनी हळूहळू मिळवलेलं आहे.

वस्तीचा पहिला माहितीफलक लागला २००१ मध्ये. २०११ च्या उत्खननात चहाची किटली आणि लहान मुलाचा बूट सापडला. अतिक्रमण म्हणून मोडलेल्या घरांत चहा होत होता, पोरं वाढत होती.

पार्कात जाऊ नका असं मी म्हणत नाही. मीही जातो. पण पुढच्या वेळी पाहुण्यांना ८५व्या रस्त्याच्या फाटकाने आत न्या आणि ही गोष्ट सांगा. आणि आपल्या गावच्या सभेत नव्या बागेचा ठराव आला, तर हात वर करण्याआधी एकच विचारा: तिथे आज कोण राहतं?